दोनशेतला एक

मंगळवार, ७ जानेवारी

प्रिय बयो,

पत्र वाचल्यावर लगेच फोन करू नकोस. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाबा हल्ली दिवसभर त्याच्याच शेजारी बसून असतात. तुझा आवाज आला की मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून देते आणि मग कामाला गेले की लाँड्रीतून तुला करते, हे नाटक चार वर्षं चाललंय. आता तर फोन वाजला की तेच म्हणतात, "घे, तुझा राँग नंबर आला." शिवाय फोनवर मी रडेन, तू म्हणशील 'आई, नीट सांग', आणि नेमकं तेच मला जमणार नाही. पत्रात रडलं तर फार तर अक्षर बिघडतं.

बाबा पडले. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच इतकी घाबरले आहे की ते खोटं होईल. गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली असते ना, तिथे काम करता करता एकदम डोळ्यांपुढे अंधार आला आणि खाली कोसळले. बरोबरच्या मिस्त्रीने सावरलं म्हणून डोकं वाचलं. ते काही वेळ शुद्धीवर नव्हते. मिस्त्री हे मला सांगत होता आणि मी मात्र त्याला 'चहा घेणार का' विचारत बसले. माणूस घाबरला की काय वाट्टेल ते बोलतो.

तपासण्या झाल्या. हृदयातली एक झडप अरुंद झाली आहे, ती काढून नवी बसवायला हवी. सर्जनबाई तुझ्याच वयाच्या असतील, तुझ्यासारख्याच सरळ तोंडावर बोलणाऱ्या. म्हणाल्या, "अशा ऑपरेशनमध्ये दोनशेतला एखादा पेशंट आमच्या हातून जातो. पण ऑपरेशन केलंच नाही, तर तुमच्यासारख्या दोघांतला एक दोन वर्षांत जातो." बाबांनी मान डोलावली, हात जोडले आणि बाहेर आले. बाहेर पॅसेजमध्ये मला म्हणाले, "ऑपरेशन नाही करायचं."

"अहो, पण दोनशेत एक म्हणाल्या ना!"

"हो. पण त्या एकात कुणाचा तरी नंबर लागतोच ना?"

हे वाक्य मी किती वर्षं ऐकतेय! दर सोमवारी खालच्या चष्मेवाल्याकडून लॉटरीचं तिकीट आणायचं, शर्टाच्या खिशात ठेवून वरून थोपटायचं आणि म्हणायचं, "कुणाचा तरी नंबर लागतोच ना." चार वर्षांपूर्वी तू जेवता जेवता म्हणाली होतीस, "बाबा, तिकीट काढल्यापासून शनिवारी निकाल लागेपर्यंत तुम्ही मरायची शक्यता नंबर लागण्याच्या कित्येक पट जास्त आहे." तुझं गणित बरोबरच असणार. पण ते ताटावरून उठले आणि पुन्हा तुझ्याशी बोलले नाहीत. मला म्हणाले होते, "पोरीने माझं मरण मोजलं." आणि तुझाही ताठा त्यांच्याच घरचा, तू कशाला माघार घेतेस!

आता ऐक. तू दिवसभर त्या विमा कंपनीत बसून अनोळखी माणसं किती जगतील ते सांगतेस. एका ओळखीच्या माणसासाठी सांग. त्यांना समजेल असं सोपं लिही. पत्र लाँड्रीच्या पत्त्यावर पाठव, मालक भला माणूस आहे, उघडणार नाही. मी ते स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगेन.

रोज दुपारी ते झोपले की मी पँटी आखूड करायचं काम घेऊन त्यांच्या खोलीतच बसते. मशीन चालवत नाही, हाताने शिवते. मशीनच्या आवाजात श्वास ऐकू येत नाही ना.

तुझी,
आई


सोमवार, २० जानेवारी

प्रिय बयो,

तुझा कागद मिळाला. छान लिहिलं आहेस, मला पहिल्यांदाच हे सगळं समजलं. मी त्यांना सांगितलं की एक गणिताचे सर पँट आखूड करायला येतात, त्यांनी समजावलं. दोनशे खुर्च्यांचं सभागृह भरलेलं आहे आणि त्यातली एकच खुर्ची मध्येच रिकामी होते, ते ऑपरेशन. आणि दोनच खुर्च्या आहेत, त्यातली एक रिकामी होते, ते ऑपरेशन न करणं. मग लॉटरीचंही सांगितलं. सहाच्या सहा आकडे जुळण्याची शक्यता एक कोटी चाळीस लाखांत एक. दर आठवड्याला एक तिकीट काढलं तर सगळ्या जोड्या संपवायला अडीच लाखांहून जास्त वर्षं लागतील. एवढ्या लांबच्या गोष्टीची आशा धरता येते, तर दोनशेतले एकशे नव्व्याण्णव का दिसत नाहीत? हे तुझं वाक्य तर मी दोनदा म्हटलं.

ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, जिंकले. मग म्हणाले, "मास्तरीण बरी आहे ना?"

चार वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव निघालं बघ, तेही लहानपणचं. सगळ्यांच्या चुका काढायचीस म्हणून त्यांनीच ठेवलेलं. मी म्हटलं, "बरी आहे." मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तिला म्हणावं, खुर्च्यांचं बरोबर आहे. पण त्या रिकाम्या खुर्चीवरचा माणूस दोनशेतला एक भाग गेला नाही. सगळाच्या सगळा गेला."

याला उत्तर तुझ्याकडे आहे?

दुसऱ्या दिवशी आणखी एका तपासणीला गेलो. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरल्यावर यांनी भिंतीला तळहात लावला, जसं आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा. दार झटका देऊन बंद झालं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बोटभर खाली थांबली. बाहेर पडताना यांनी ती बोटभर पायरी बुटाने दाखवली आणि म्हणाले, "ज्यांना लिफ्ट मजल्याला टेकवता येत नाही, ते माझी झडप कुठे टेकवणार?" मी हसले. ते हसले नाहीत. परत येताना माझा हात झटकून जिन्याने उतरायला लागले. दुसऱ्या वळणावर कठडा धरून थांबले आणि मला खूण केली, की जा पुढे. ओठ निळे पडले होते. बयो, त्या कठड्यापाशी उभी राहून मी मनात आपल्या घरातल्या खोल्या रिकाम्या करून बघितल्या. कपाट उघडून बघितलं. तुला कसं सांगायचं ते ठरवलं. एवढं सगळं त्यांनी दम खाऊन पुढचं पाऊल टाकेपर्यंत.

घरी आल्यावर मी चिडून म्हटलं, "जन्मभर लोकांची लिफ्टची भीती घालवलीत आणि आता स्वतः?" तर म्हणाले, "तिथे माझा हात लागलेला असायचा. इथे मी झोपलेला असणार."

मला ती सहाव्या मजल्यावरची बाई आठवली. तुला आठवते? एकदा लिफ्टमध्ये अडकली आणि मग कित्येक महिने पायऱ्याच चढायची. सोसायटीवाल्यांनी तिला समजावलं, कंपनीच्या साहेबाने कागद काढून दाखवले. शेवटी यांना बोलावलं. लिफ्टला सहा दोर असतात, एकावरही ती राहते, हे घरी आपल्याला सतरा वेळा सांगणारा माणूस तिला यातलं एक अक्षर बोलला नाही. आधी आपण आत शिरले, दार धरून ठेवलं आणि म्हणाले, "या. तुमच्याकडे नळाला पाणी येतंय का हो?" ती बाई पाण्याच्या तक्रारी सांगत आत आली आणि सांगता सांगता सहावा मजला आला. घाबरलेल्या कुणालाही ते असंच न्यायचे. नेहमी पाण्याचंच विचारायचे, दुसरं काही सुचायचंच नाही त्यांना.

हे का लिहितेय कोण जाणे. सकाळपासून डोक्यात घोळतंय.

आई


रविवार, २ फेब्रुवारी

बयो,

हे कुरिअरने पाठवतेय. सोबतचं तिकीट सांभाळून ठेव, घरात ठेवायचा मला धीर नाही.

बुधवारी सकाळी न्हाणीघराच्या दारात ते पुन्हा पडले. आता हॉस्पिटलमध्येच आहेत. ऑपरेशन येत्या शुक्रवारी ठरवलंय, पण संमतीच्या कागदावर सही केलेली नाही. तो कागद त्यांनी पाण्याच्या पेल्यावर झाकण म्हणून ठेवलाय. सर्जनबाईंनी ते बघितलं. जाताना मला हळूच म्हणाल्या, "शुक्रवार हुकला तर मला पुढची खात्री देता येणार नाही."

आता तिकिटाचं. गेल्या सोमवारी त्यांनी मला आणायला सांगितलं होतं. आकडे नेहमीचेच. ते कुठले आकडे आहेत ते तुला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या जन्माची तारीख, लग्नाची तारीख, आपल्या पहिल्या घराचा नंबर, त्यांनी पहिली बसवलेली लिफ्ट होती ती किती मजल्यांची, आणि तुझी तारीख नि महिना. तू गेल्यावरही तुझे दोन्ही आकडे त्यांनी काढले नाहीत. मी एकदा म्हटलं होतं, "पोरीशी बोलत नाही आणि तिच्या तारखेवर पैसे लावता?" तर माझ्यावरच डाफरले.

काल निकाल लागला. आज सकाळी मी चष्मेवाल्याकडे गेले. त्याने तिकीट मशीनखाली धरलं, मशीनने कधी काढला नव्हता असा आवाज काढला आणि तो ओरडला, "वहिनी, चार लागले!" दुकानातली माणसं वळून बघायला लागली. एक बाई तर तिकिटाला हात लावून गेली, नशीब चिकटतं म्हणून. बक्षीस काही फार नाही, नवा पंखा येईल एवढं. पण मी तिकीट त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि बाहेर पडले.

तुझ्या त्या कागदाच्या पाठीमागे तू लिहिलं होतंस, चार आकडे जुळणं म्हणजे साधारण हजारात एक. मला हिशेब करायची गरजच पडली नाही. त्यांचा आवाज थेट कानात आला. 'हजारातला एक झालो, मग दोनशेतला तर होणारच.'

तिकिटाला झडप माहीत नसते आणि झडपेला तिकीट, एवढं मलाही कळतं. तूच लिहिलंस, एका खेळाची आठवण दुसऱ्याला राहत नाही. पण खरं सांगू? हॉस्पिटलचा जिना चढताना मीसुद्धा तेच म्हणत होते. आजवर आमच्याकडे कधी काही लागलं नाही. ना चांगलं, ना वाईट. आम्ही आपले न लागणाऱ्यांतले होतो आणि त्यातच सुखरूप होतो. आता कुणीतरी आमचा दरवाजा बघून ठेवला, असं वाटत होतं. मला भीती वाटते गं. अशी भीती मला तू पोटात असतानाही वाटली नव्हती.

वॉर्डमध्ये गेल्या गेल्या विचारलंच त्यांनी, "किती लागले?"

"एकही नाही," मी म्हटलं. बरोबर नेलेला सकाळचा पेपर मी दाराजवळच्या कॉटवरच टाकून आले होते.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं."

आता शेवटचं सांगते आणि पाकीट बंद करते. आकडे पाठवू नकोस. तुझे आकडे बरोबर आहेत, त्यांनाही ते बरोबर वाटतात, आणि तरी पेल्यावरचा कागद पेल्यावरच आहे. तू ये. त्या सहाव्या मजल्यावरच्या बाईला जसं कुणीतरी आधी आत शिरलेलं हवं होतं, तसं काहीतरी आहे हे. मला त्यांच्या आधी आत शिरता येत नाही, बयो.

आई


मंगळवार, ४ फेब्रुवारी

तुझा निरोप लाँड्रीच्या मालकांनी दिला. 'गुरुवारी पोचते.' हे पत्र तुला मिळायच्या आत तू निघालेली असशील. तरी लिहितेय, कारण हात रिकामा राहिला की मी शिवलेलंच उसवत बसते.

त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं आणि तुझी गाडी चुकली तर? रस्त्यात काही झालं तर? आता मला रस्त्यावरच्या प्रत्येक गोष्टीत दोनशेतला एक दिसायला लागलाय. समोरच्या गॅलरीतली कुंडी, वळणारी बस, ओली फरशी. तू रोज हेच मोजतेस आणि रात्री झोपतेस कशी?

आज त्यांनी पेल्यावरचा कागद उचलला. मला वाटलं, सही करतात. पाणी प्यायले आणि परत ठेवला.

नीट ये.


सोमवार, १७ मार्च

प्रिय बयो,

तू जाऊन तीन आठवडे झाले. घर तुला विचारत असतं. बाबा आता कोपऱ्यापर्यंत चालून येतात. तुझ्याशी फोनवर बोलताना तब्येतीचं एक वाक्य सांगून लगेच माझ्या हातात देतात, ते तुला कळतंच. पण राँग नंबर म्हणायचं आता बंद झालं.

बाकी सगळं तुझ्या डोळ्यांसमोरच झालं. तू वॉर्डमध्ये शिरलीस तेव्हा त्यांनी चार वर्षांनंतर काय विचारावं? "गाडीला गर्दी होती का?" आणि तूही शहाणी, "होती" म्हणून कॉटवर बसलीस. संध्याकाळी त्यांनी पेल्यावरून कागद काढला, त्यावरचं पाण्याचं गोल पुसलं आणि सही केली. तू तेव्हा संत्रं सोलत होतीस. बघितलंही नाहीस असं दाखवलंस.

शुक्रवारी सकाळी ट्रॉली त्या लिफ्टपाशी नेली. वॉर्डबॉय म्हणाला नातेवाइकांनी जिन्याने यायचं, आणि तू त्याच्या काखेखालून आत घुसलीस. दार झटका देऊन बंद झालं. मी जिना चढले. कशी चढले विचारू नकोस. त्या चार तासांबद्दल आपण दोघी अजून बोललो नाही, आणि पत्रातही मी त्यात शिरत नाही. सर्जनबाई मास्क खाली ओढत आल्या तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, चपलांकडे बघत होते. शेवटी तूच माझी हनुवटी धरून वर केलीस.

लिफ्टमध्ये काय झालं ते परवा त्यांनी सांगितलं. म्हणाले, "मास्तरणीने माझा हात धरला आणि विचारते कशी, बाबा, तुमच्याकडे नळाला पाणी येतंय का?" सांगताना इतके हसले की मी टाक्यांवर उशी दाबायला धावले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "अगं, ते चार आकडे लागलेलं तिकीट कुठे आहे?"

त्यांना ठाऊक होतं, बयो. शनिवारी संध्याकाळीच त्यांनी सिस्टरला आकडे वाचून दाखवायला लावले होते. मी दुसऱ्या दिवशी पेपर लपवत होते, तेव्हा ते सगळं जाणून होते.

"मग बोलला का नाहीत?"

"तू 'एकही नाही' म्हणालीस तेव्हा तुझे हात बघितले. पिशवीचा बंद पिळून दोरी केली होतीस. म्हटलं, ही माझ्याहून जास्त घाबरलीय. हिला आणखी कशाला घाबरवू?"

"आणि तुम्हाला नाही वाटलं, की आता..."

"वाटलं ना. हजारातला एक झालोच होतो. ट्रॉलीवर पडलो तेव्हा खात्रीच होती की दोनशेतलाही मीच." ते उशीला टेकले. "पण पोरगी आत शिरली. मग बाहेर कसं यायचं?"

तिकीट तुझ्याकडे आहे म्हटलं तर म्हणाले, "राहू दे तिच्याकडेच. आणि आता नवीन आणायचं नाही. झालं तेवढं पुरे." इतक्या वर्षांचा सोमवार त्यांनी असा एका वाक्यात सोडून दिला. शर्टाचा खिसा मोकळा. मला खूप बरं वाटायला हवं होतं.

आता जे लिहिते ते त्यांना माहीत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी ते आत होते आणि तू फॉर्म भरायला खाली गेली होतीस, तेव्हा मी हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर जाऊन तिकीट काढलं. नेहमीचेच आकडे. तेव्हापासून दर सोमवारी काढते. चष्मेवाल्याकडे जात नाही, तो बाबांना बोलून जाईल, पलीकडच्या गल्लीत जाते. शिवणयंत्राच्या खणात सुयांच्या डबीखाली ठेवते. नंबर लागावा म्हणून नाही गं. लागला तर मला घेरीच येईल. एका सोमवारी ठरवून पुढे गेले, दुकान मागे पडलं, आणि एकदम मनात आलं, मी तिकीट काढते म्हणूनच झडप चालत असेल तर? गल्लीच्या टोकापासून धावत परत आले. घरी येऊन आधी ते झोपलेत तिथे गेले, पांघरूण वरखाली होतंय का बघितलं आणि मग चपला काढल्या.

आयुष्यभर मी त्यांना हसले. हिशेब मला येतो, तू शिकवलेला पाठ आहे, अडीच लाख वर्षं वगैरे सगळं. तिकिटाला झडप माहीत नसते, हे मी रोज स्वतःला सांगते आणि सोमवार आला की पर्स घेते. आजही आणलंय. शेवटचं आणलं आणि पुढच्या आठवड्यात काही झालं, तर मला जन्मभर तेच दिसेल.

तू म्हणशील, आई, याची शक्यता शून्य आहे. शून्य आहे, मला माहीत आहे. लिहून पाठवू नकोस.

एखाद्या सोमवारी ये. माझा हात धर आणि त्या दुकानावरून मला पुढे ने. मी मागे वळायला लागले तर ओढ. गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत काहीतरी विचारत राहा, नळाला पाणी येतंय का, काहीही. मी सांगेन.

तुझी,
आई